लूज
बर्फाने मढवलेल्या, वळणावळणाच्या उतारावरून छोट्या स्लेजवर उताणे झोपून, पाय पुढे ठेवून खाली येण्याची हिवाळी शर्यत. स्केलेटन हा खेळ अशाच मार्गांवर होतो. त्यात मात्र खेळाडू पालथा, डोके पुढे करून उतरतो.

स्लेजला ब्रेक नसतो, सुकाणूही नसते. ती दोन पोलादी पट्ट्यांवर घसरते. पोटऱ्यांनी तिच्या पुढच्या वळलेल्या टोकांवर आणि खांद्यांनी मागे दाब देऊन दिशा बदलायची. सुरुवातीला खेळाडू दोन्ही बाजूंचे दांडे धरून मागेपुढे झोके घेतो, स्वतःला पुढे झोकतो आणि खिळे लावलेल्या हातमोज्यांनी बर्फ मागे रेटतो. एकदा आडवे झाल्यावर वेग वाढवण्याचा उपाय त्याच्या हाती उरत नाही. मिळालेला वेग वाया जाऊ द्यायचा नाही, एवढेच. हा वेग ताशी १३० किमीच्या पुढे जातो. मान उचलली की हवेचा अडसर वाढतो, म्हणून वळणे आधीच पाठ करावी लागतात. पाहणाऱ्याला हा निवांत पडून राहण्याचा खेळ वाटतो तो त्यामुळेच!

पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत १८८३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दावोस ते क्लोस्टर्स या सुमारे ४ किमी रस्त्यावर झाली. एक ऑस्ट्रेलियन विद्यार्थी आणि क्लोस्टर्सचा टपालवाला असे दोघे संयुक्त विजेते ठरले. ऑलिंपिकमध्ये प्रवेश १९६४ साली, इन्सब्रुक येथे. पुढच्याच, १९६८ च्या ग्रेनोबल स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या महिला खेळाडू पट्ट्या तापवल्याच्या कारणावरून बाद झाल्या. ऊन पट्टी बर्फावर अधिक सहज घसरते, म्हणून तसे करण्यास मनाई आहे.

वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, आणि तीही कधी जेमतेम पुरते. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिलांचे सुवर्णपदक चार फेऱ्यांअंती अवघ्या ०.००२ सेकंदाने ठरले. धोकाही खरा आहे. २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या सरावात जॉर्जियाचा नोदार कुमारितशविली मार्गाबाहेर फेकला जाऊन मरण पावला. त्यानंतर तेथील प्रारंभस्थान खाली आणले गेले.

भारतात या खेळाची ओळख म्हणजे मनालीजवळच्या वशिष्ठ गावचे शिव केशवन. १९९८ ते २०१८ अशा सलग सहा ऑलिंपिकमध्ये ते उतरले. देशात योग्य मार्ग नसल्याने चाके लावलेल्या स्लेजवर, वाहने आणि मेंढ्या चुकवत त्यांनी हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव केला. २०११ मध्ये ते आशियाई विजेते ठरले. २०१४ साली सोची येथे मात्र भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने त्यांना तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली खेळावे लागले.