जामीन ते पुतळा

निवडणुकीच्या तोंडावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून चार जण तणतणत बाहेर पडले, की 'पूर्वी असं नव्हतं हो' म्हणणारा एक तरी भेटतोच. पुणेकरानं तरी हे म्हणू नये.

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून, टिळक आणि आगरकरांवर खटला झाला, तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी त्यांना जामीन दिला. दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आधी समाजसुधारणा की आधी राजकारण, हे मतभेद तेव्हाही होतेच. पण पाचच वर्षांत आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. माझ्या मते खरी फाळणी इथली. आता कोण कुठल्या बाजूचा, हे घरी येणाऱ्या वर्तमानपत्रावरून ओळखता येऊ लागलं.

तरी रेघ सरळ नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा झाला. त्या बैठकीत रानडे होते, गोखले होते आणि टिळकही. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, तर त्यांचेच सुधारक नाराज! संमतिवयाचंही तसंच. १८९१ च्या कायद्यानं मुलींचं शरीरसंबंधाला संमतीचं वय १० वरून १२ वर नेलं. टिळकांचा विरोध परक्या सरकारनं कायदा करण्याला. सुधारकांनी स्वतःपुरती मुलींच्या लग्नाची मर्यादा १६ ठेवावी, असं तेच सुचवत होते. वादाच्या धुरळ्यात हे कोण ऐकणार? आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली.

१८९५ मध्ये आगरकर गेले. त्याच वर्षी पुण्यातल्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सुधारकांची सामाजिक परिषद भरवू द्यायची नाही, यावर गाव पेटलं आणि रानड्यांना ती दुसरीकडे न्यावी लागली. सार्वजनिक सभा ही पुण्यातली राजकीय संस्था टिळकपक्षाच्या हाती गेली. रानडे-गोखल्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. वर्तमानपत्रं वेगळी होतीच, आता सभाही वेगळ्या.

ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद पुढे गणेशोत्सवाच्या मेळ्यांत, म्हणजे पदं गाणाऱ्या पथकांत, उतरला. ब्राह्मणेतरांच्या छत्रपती मेळ्याची पदं आणि ब्राह्मणांच्या सन्मित्र मेळ्याची पदं एकमेकांना झोंबू लागली. १९२५ मध्ये केशवराव जेध्यांनी फुल्यांचा पुतळा उभारण्याचा ठराव पुणे नगरपालिकेत मांडला. तो फेटाळला गेला. त्या जामिनाला तेव्हा ४३ वर्षं झाली होती.