अँबेसिडर-पद्मिनीचं ट्यूनिंग : मॅन्युअलमधले आकडे आणि नागपूरची हवा

डिसेंबरच्या सकाळी इंजिन अडखळतं, मेच्या दुपारी सिग्नलवर गाडी बंद पडते. जुन्या अँबेसिडर आणि पद्मिनीची नागपुरातली ही ठरलेली तक्रार. कार्बोरेटर धुतला, नवे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) टाकले, सगळं मॅन्युअलप्रमाणे लावलं तरी ती पुरती जात नाही. कारण मॅन्युअलमधले आकडे एका विशिष्ट पेट्रोलसाठी ठरवलेले होते, आणि ते पेट्रोल आता कुठल्याच पंपावर मिळत नाही.

या दोन्ही गाड्यांमधलं तंत्र त्यांच्याहून बरंच जुनं आहे. पेट्रोलचा फवारा हवेत सोडणारा कार्बोरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने १८९३ च्या सुमारास बनवला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची इग्निशन चार्ल्स केटरिंगने बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती रस्त्यावर आली. त्या काळात टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, ड्रायव्हरच्या हातात असे. स्टीअरिंगजवळच्या दांडीने तो ठिणगी पुढे-मागे करी. पुढे ते काम, सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या वजनांनी आणि व्हॅक्यूमच्या डायफ्रामने घेतलं. कुर्ल्याची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबेसिडर याच वळणाच्या: सोलेक्सचा कार्बोरेटर, लुकास-टीव्हीएसचा डिस्ट्रिब्युटर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२.

ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच का लागते, हे इथे समजून घ्यायला हवं. मिश्रण पेटून दाब पूर्ण चढायला दोन-तीन मिलिसेकंद जातात. ८०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ४.८ अंश फिरतो, ३००० ला १८ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी हवी. फार आधी लागली तर उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि ठोका ऐकू येतो. उशिरा लागली तर जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं, व्हॉल्व्ह भाजतो, रेडिएटर तापतो, पिकअप जातो.

इथेच पेट्रोलचा इतिहास आडवा येतो. जुन्या काळातलं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली लवकर भडकणारं, त्यामुळे इथली इंजिनं मिश्रण सात-साडेसात पटच दाबणाऱ्या कॉम्प्रेशनवर ठेवलेली. त्यात रॉकेलची भेसळ झाली की ठोका यायचाच. टायमिंग मागे ओढणं हा त्यावरचा हाताशी असलेला उपाय. भेसळीच्या दिवसांत तो बरोबर होता. तीच सवय आज चालू ठेवली तर गाडी विनाकारण तापते आणि जास्त पेट्रोल खाते.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी ते फार गरजेचं होतं. पण शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला संरक्षण देत होतं, आणि अँबेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेली असते. ती झिजली की व्हॉल्व्ह आत बसतो, टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप मिटतो, कॉम्प्रेशन गळतं. मग कार्बोरेटरचे स्क्रू कितीही फिरवा, स्लो (उभ्या गाडीचा इंजिनवेग) स्थिर राहत नाही. म्हणून ट्यूनिंगची सुरुवात टॅपेटपासून करावी. या इंजिनाला गरम असताना ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर.

त्यानंतर प्लग आणि मग पॉइंट. लुकासच्या पॉइंटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर गॅप द्यावा. टायमिंग आधी लावून नंतर पॉइंट सरकवले तर केलेलं काम वाया जातं, कारण गॅप वाढला की टायमिंग पुढे जातं आणि घटला की मागे येतं. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजते, तेव्हा गॅप पुन्हा तपासावाच लागतो.

टायमिंगसाठी १२ व्होल्टचा बल्ब पुरतो. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर ठेवायची. कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं टोक आणि बॉडी यांच्यामध्ये बल्ब जोडायचा, इग्निशन चालू करायचं आणि डिस्ट्रिब्युटर हळू फिरवायचा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा. रोटरच्या उलट दिशेने फिरवलं की टायमिंग पुढे जातं. शेवटची खात्री रस्त्यावर. सेमिनरी हिल्सच्या चढाला टॉप गिअरमध्ये ३०-४० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. हलका ठोका येऊन लगेच थांबला तर ठीक. चालूच राहिला तर एक-दोन अंश मागे.

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी, आणि इंजिन पुरतं गरम झाल्यावरच. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड आटा उघडायचा. जोरात आवळला तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि पुढे कधीच नीट सेट होत नाही. स्लो थोडा चढा ठेवून, इंजिन सर्वात वेगात आणि एकसारखं चालेल तिथे स्क्रू आणायचा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो उतरवायचा. स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल तर पायलट जेट (स्लोचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलेला असतो किंवा खालच्या गॅस्केटमधून हवा शिरत असते.

सर्वात मोठा बदल मात्र अलीकडचा. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल झालं, फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळू लागलं आणि २०२५ पर्यंत तेच देशभरचं नेहमीचं पेट्रोल झालं. या धोरणाचा आग्रह धरणारे नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आठ टक्क्यांनी लीन होतं, त्यात पेट्रोल कमी पडतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. ही आठ टक्क्यांची तूट व्यासात चारेक टक्क्यांनी भरते, म्हणून १२० चा मेन जेट असेल तर १२५ लावावा. भोक तारेने किंवा ड्रिलने मोठं करू नये. ते गोल राहत नाही.

नागपूरची हवा यात आपली भर घालते. थंडीत पहाटे १० अंश, नवतप्यात (मेअखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत) ४५ च्या पुढे. या फरकाने हवा सुमारे ११ टक्के विरळ होते, आणि हवा विरळ होते त्याच्या साधारण निम्म्या प्रमाणात कार्बोरेटरचं मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्यामुळे ई-२० ने आलेली तूट उन्हाळ्यात थोडी भरून निघते आणि हिवाळ्यात उघडी पडते. डिसेंबरच्या अडखळण्याचं मूळ इथे आहे. मे महिन्यातलं बंद पडणं वेगळं. ते मिश्रणापेक्षा वाफेमुळे होतं. व्हरायटी चौकात गाडी उभी असताना ब्लॉकवरचा पेट्रोल पंप तापतो, पाइपमध्ये पेट्रोलची वाफ धरते आणि पंप रिकामा चालतो. पाइप एक्झॉस्टपासून दूर न्यावा, कार्बोरेटरखालचा बेकलाइटचा स्पेसर शाबूत आहे ना ते पाहावं. जुना रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलने फुगतो, चिरतो, म्हणून दोन्ही ई-२० ला चालणारे घ्यावेत. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकीत शिरलेलं पाणी इथेनॉलला आपल्याकडे ओढून घेतं आणि तळाशी वेगळा थर होतो. तो थर आधी काढावा, सेल्फ नंतर मारावा.

ई-२० चा ऑक्टेन ९५ च्या आसपास असल्याने मागे ओढलेलं टायमिंग मॅन्युअलच्या अंशावर परत आणता येतं. प्लगच्या रंगावर मात्र आता पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही. बिस्किटासारखा रंग म्हणजे मिश्रण बरोबर, ही खूण शिशाच्या पेट्रोलवर पक्की झालेली. आजच्या पेट्रोलवर नीट सेट केलेल्या गाडीचा प्लगही फिकट, राखाडीच दिसतो. तो पाहून जेट आणखी मोठा केला तर काजळी धरते आणि थंडीतला स्टार्ट उलट बिघडतो.