अ मिडसमर नाइट्स ड्रीम

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याची पाच अंकी सुखात्मिका. रचना बहुधा १५९५-९६ मधील. अथेन्सचा ड्यूक थीसियस व ॲमेझॉनांची राणी हिपॉलिटा यांचा विवाह. वडिलांच्या विरोधामुळे लायसँडरबरोबर रानात पळालेली हर्मिया आणि त्यांच्या मागावर आलेले डिमीट्रिअस व हेलेना. पऱ्यांचा राजा ओबेरॉन व राणी टायटेनिया यांचे भांडण. आणि विवाहसोहळ्यासाठी नाटक बसवणारे कारागीर, अशी चार सूत्रे तीत एकत्र येतात. झोपलेल्याच्या पापण्यांवर एका फुलाचा रस पिळला, की जाग येताच जो पहिला दिसेल त्याच्यावर त्याचा जीव जडतो. ओबेरॉनचा सेवक पक हा रस भलत्याच्याच डोळ्यांवर पिळतो. इकडे टायटेनिया गाढवाचे डोके बसलेल्या बॉटम विणकरावर भाळते.

पऱ्यांच्या भांडणाचे मूळ म्हणजे एक भारतीय मुलगा. त्याची आई टायटेनियाची भक्त. दोघी समुद्रकाठच्या वाळूवर बसून वाऱ्याने शिडे फुगलेली व्यापारी गलबते पाहत. गर्भार सखी त्या गलबतांची नक्कल करीत डौलात चाले आणि राणीसाठी काहीबाही घेऊन येई. ती बाळंतपणात वारली. मुलाला नाटकात एकही वाक्य नाही; तरी हे सारे सांगणारे टायटेनियाचे स्वगतासारखे भाषण नाटकातील सर्वांत हृद्य भागांपैकी एक आहे.

रचनाकाळाची उत्तरमर्यादा निश्चित आहे, कारण समकालीन लेखक फ्रान्सिस मीअर्सने १५९८ मध्ये या नाटकाचा उल्लेख केला आहे. पूर्वमर्यादेसाठी दोन अंतर्गत पुरावे दिले जातात. टायटेनिया ज्या अतिवृष्टीचे, शेतात कुजलेल्या पिकाचे वर्णन करते, तिचा संबंध १५९४ च्या ओल्या उन्हाळ्याशी जोडतात. पण पुढची दोन वर्षेही तशीच गेल्याने हा पुरावा दुबळा ठरतो. दुसरा अधिक नेमका आहे. ३० ऑगस्ट १५९४ रोजी स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे राजपुत्र हेन्रीच्या बाप्तिस्म्याच्या समारंभात रथ ओढायला सिंह आणण्याचा बेत, लोक घाबरतील म्हणून रद्द झाला होता. रंगमंचावरचा सिंह पाहून स्त्रिया भितील, ही कारागिरांची चिंता त्यावरून सुचली असणे शक्य आहे. काव्यमय शैलीमुळे हे नाटक ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या जवळचे मानतात, दोहोंतील आधीचे कोणते, याबद्दल एकमत नाही.

एखाद्या उमरावाच्या लग्नासाठी ते लिहिले गेले, हे मत दीर्घकाळ प्रचारात होते. त्यासाठी मुख्यतः दोन विवाह सुचवले जातात : एलिझाबेथ व्हीअर आणि डर्बीचा अर्ल यांचा (जानेवारी १५९५) व एलिझाबेथ केअरी आणि टॉमस बर्कली यांचा (फेब्रुवारी १५९६). केअरी ही शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचे आश्रयदाते लॉर्ड हन्सडन यांची नात असल्याने दुसऱ्या पर्यायाकडे अभ्यासकांचा कल जास्त. मात्र दोन्ही लग्नांत हे नाटक झाल्याची नोंद नाही. उलट पहिल्या छापील प्रतीचे मुखपृष्ठ ते अनेकदा जाहीरपणे झाल्याचे सांगते. स्टॅन्ली वेल्स यांनी १९६७ पासून हे विवाहमत नाकारले असून हा नकारच अधिक ग्राह्य वाटतो.

नाटक छापण्यासाठीची नोंद प्रकाशक टॉमस फिशरने ८ ऑक्टोबर १६०० रोजी केली व त्याच वर्षी क्वार्टो (लहान आकाराच्या सुट्या पुस्तकाची) प्रत निघाली. दुसऱ्या क्वार्टोवरही १६०० हेच साल आहे. प्रत्यक्षात ती विल्यम जॅगर्डच्या छापखान्यात १६१९ मध्ये छापली गेली. कागदातील जलचिन्हांच्या आधारे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९०८ मध्ये हा बनाव उघड केला. १६२३ च्या फोलिओतील (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहातील) संहिता याच दुसऱ्या क्वार्टोवरून, रंगभूमीवरील एखाद्या हस्तलिखिताशी ताडून, घेतली आहे. तीत पाचव्या अंकातील फिलॉस्ट्रेटचे (थीसियसच्या करमणुकीची व्यवस्था पाहणाऱ्याचे) बहुतेक संवाद हर्मियाचा पिता ईजिअस याच्याकडे जातात. त्यामुळे क्वार्टोत शेवटी न दिसणारा हा बाप फोलिओत मुलीच्या लग्नाला हजर असतो.

पहिल्या क्वार्टोत पाचव्या अंकाच्या आरंभी पद्याच्या काही ओळींची मोडणी चुकली आहे. हस्तलिखिताच्या समासात भरलेला मजकूर जुळाऱ्याने (छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने) जागा मिळेल तसा बसवला असावा, असे जॉन डोव्हर विल्सन यांनी १९२४ मध्ये मांडले. त्या ओळी वगळल्या तरी थीसियसचे तेथील कल्पनाशक्तीवरचे भाषण सलग वाचता येते. फक्त ते वेडे आणि प्रेमिक यांच्यापुरतेच उरते. त्यांच्या पंगतीत कवी येतो तो याच विस्कटलेल्या ओळींमधून. विल्सन यांनी यावरून काढलेला नाटकाच्या लेखनाचा कालक्रम आज फारसा मानला जात नाही, पण समासातील भरीची कल्पना टिकून आहे. हे अनुमान खरे असेल, तर कल्पनाशक्तीवरील हा विख्यात उतारा लेखकाला दुसऱ्यांदा हात फिरवताना सुचलेला आहे. शेक्सपिअर लिहिताना इतका जवळून क्वचितच दिसतो.

कथानकाला एकच असा आधार नाही. थीसियस चॉसर व प्लुटार्क यांच्याकडून, ओबेरॉन मध्ययुगीन फ्रेंच अद्भुतकथेतून, तर कारागीर जिचे नाटक बसवतात ती पिरॅमस–थिस्बीची कथा रोमन कवी ऑव्हिडकडून आली. टायटेनिया हे नाव ऑव्हिडच्या मूळ लॅटिनमध्ये आहे, गोल्डिंगच्या १५६७ च्या इंग्रजी भाषांतरात नाही. म्हणजे शेक्सपिअरने मूळ काव्यही वाचले होते.

रोजनिशीकार सॅम्युएल पेप्सला १६६२ मध्ये हे नाटक अत्यंत नीरस वाटले. पुढे दीडएकशे वर्षे ते बहुतांशी संगीतिका व काटछाट केलेल्या रूपांत जगले. पर्सेलची ‘द फेअरी क्वीन’ (१६९२) त्यांपैकीच. जर्मन संगीतकार मेंडेल्सझोनने १८२६ मध्ये सतराव्या वर्षी पूर्वसंगीत रचले आणि १८४३ च्या पॉट्सडॅम प्रयोगासाठी त्यात भर घातली. पाश्चात्त्य विवाहांतील प्रसिद्ध ‘वेडिंग मार्च’ त्यातलाच. दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९७० मध्ये रान पूर्णपणे काढून टाकले व पांढऱ्या भिंतींच्या चौकटीत झोपाळ्यांवरून पऱ्या उतरवल्या. भारतात हबीब तन्वीर यांनी १९९३ च्या रूपांतरात छत्तीसगढी नटांकरवी कारागिरांना केंद्रस्थानी आणले. टिम सपल यांच्या २००६ मधील भारतीय व श्रीलंकन नटसंचाच्या बहुभाषी प्रयोगात इंग्रजी, हिंदी, तमिळ, बंगाली इत्यादींबरोबर मराठी संवादही होते.