शेवरोले आणि जीएमसी पिकअपमधील ट्रान्सफर केसची बदली (1973–1987)
ट्रान्सफर केस ही फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सच्या मागे बसणारी पेटी असून ती इंजिनाची शक्ती पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे पोचवते. चढणीवर किंवा चिखलात लागणारा ‘लो’ गिअरही तिच्यातच असतो. मूळ केस काढून तिच्या जागी अधिक भक्कम किंवा अधिक कमी वेगाच्या गिअरची केस बसवण्याची प्रथा अमेरिकेत जनरल मोटर्सच्या (जीएम) के-मालिकेतील, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या मालकांमध्ये विशेष रुजली. या मालिकेत न्यू प्रोसेस गिअर (एनपी) या न्यू यॉर्क राज्यातील सिराक्यूज परिसरातील कारखान्याच्या तीन केस येत गेल्या, आणि एकीच्या जागी दुसरी बसवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

त्यांपैकी एनपी 205 ही ओतीव लोखंडाची, चेनऐवजी गिअरवर चालणारी केस सर्वांत टिकाऊ मानली जाते. एनपी 203 मध्ये चेन आणि मधला डिफरन्शियल (दोन्ही अ‍ॅक्सलच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअरसंच) असल्याने चारही चाकांना सतत शक्ती मिळे. तिचा वापर 1979 पर्यंतच झाला. पुढे 1981 पासून हलक्या ट्रकमध्ये अ‍ॅल्युमिनियमची, चेनवर चालणारी एनपी 208 आली, तर एक टनी ट्रकमध्ये 205 कायम राहिली.

निवड करताना बळ आणि गिअरचे गुणोत्तर यांत ओढाताण होते; गुणोत्तर जितके मोठे, तितकी गाडी सावकाश पण अधिक जोराने चालते. 205 चे लो गुणोत्तर 1.96, तर 208 चे 2.61 आहे. एसएम 465 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 6.55 आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर 4.10 धरल्यास एकूण गुणोत्तर 205 सह सुमारे 53, तर 208 सह सुमारे 70 होते. म्हणजे भक्कम केस घेतल्यावर खडकाळ वाटेवरचा सावकाश वेग गमवावा लागतो. यावरचा सर्वांत सुंदर तोडगा ‘डबलर’ हा आहे. त्यात 203 चा पुढचा, 2.01 गुणोत्तराचा गिअरभाग वेगळा काढून अ‍ॅडाप्टरच्या साहाय्याने 205 च्या पुढे जोडतात. दोन्ही लो एकत्र लावल्यास वरील गुणोत्तर 106 च्या जवळ जाते आणि 205 चे बळही हातचे जात नाही.

तरीही बदली यशस्वी होईल की नाही हे गुणोत्तरापेक्षा जोडणीवर ठरते. जीएमच्या 205 चा इनपुट शाफ्ट गिअरबॉक्सनुसार 10, 27 किंवा 32 स्प्लाइनचा (शाफ्टवरील उभ्या खाचांचा) असतो, आणि अ‍ॅडाप्टरवरील बोल्टची मांडणीही एकसारखी नसते. म्हणून केस विकत घेताना तिच्यासोबत तिचा मूळ अ‍ॅडाप्टर मिळवणे हेच शहाणपणाचे. या ट्रकमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल उजवीकडे आहे, तर फोर्डच्या पिकअपमध्ये तो डावीकडे असतो; केसमधून पुढे जाणारा शाफ्टही त्याच बाजूने निघावा लागतो, त्यामुळे फोर्डची 205 कितीही स्वस्त मिळाली तरी ती इथे सरळ बसत नाही. लांब 203 च्या जागी आखूड 205 बसवली की मागचा प्रोपेलर शाफ्ट (केसपासून अ‍ॅक्सलकडे शक्ती नेणारा दांडा) लांब करावा लागतो. डबलरमध्ये उलट तो आखूड करावा लागतो, आणि गाडी उंच केलेली असल्यास त्याचा तिरपा कोन युनिव्हर्सल जॉइंटला (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याला) जाचक ठरतो. यासाठी शाफ्टचे माप नवी केस जागी बसल्यावर, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच घ्यावे. क्रॉसमेंबरची (चौकटीच्या आडव्या पट्टीची) जागा, लिव्हरची जोडणी आणि स्पीडोमीटरचा गिअर हेही तपासावे लागते.

तेलाची गल्लत महागात पडते: 205 ला 80 डब्ल्यू-90 गिअर ऑइल लागते, तर 208 मध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल घालतात.

205 मध्ये दोन शिफ्ट रेलमधील (गिअर बदलणाऱ्या दांड्यांमधील) इंटरलॉकचे, म्हणजे त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे तुकडे काढून वा घासून प्रत्येक अ‍ॅक्सलला स्वतंत्र लिव्हर देता येतो, आणि मग केवळ मागच्या चाकांवर लो गिअर वापरता येतो. अशा वेळी संपूर्ण वाढलेला टॉर्क एकाच अ‍ॅक्सलवर येतो, हे विसरता कामा नये. चारही चाकांवर लो असतानाही मोठे टायर आणि डबलर यांच्या जोडीपुढे अर्धा टनी ट्रकचा पुढचा अ‍ॅक्सल दुबळा पडतो. म्हणूनच असा बदल करणारे अनेक जण एक टनी ट्रकचा डेना 60 हा पुढचा अ‍ॅक्सलही शोधतात.