पार्श्वभूमी : गावठाणाची हवाई मोजणी आणि वळचणीचा प्रश्न

शेताला सातबारा आहे, बांध आहे, शंकू-साखळीने जमीन मोजायच्या काळापासूनची टिपणं आहेत. गावठाणातल्या घराला मात्र बहुतेक गावांत ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चाच आधार, आणि तो कागद घरपट्टीचा. त्याने मालकी सिद्ध होत नाही. ही अडचण सोडवायला 2020 च्या एप्रिलमध्ये ड्रोनने गावठाणे मोजायची देशव्यापी योजना आली.

आकाशातून फोटो काढायचा प्रयोग 1858 साली पॅरिसजवळ फुग्यातून झाला. पहिल्या महायुद्धानंतर नकाशावाल्यांनी विमान हाती धरलं. लागोपाठचे फोटो साधारण 60 टक्के एकमेकांवर चढवायचे, म्हणजे एकच जागा दोन ठिकाणांहून दिसते आणि तिची उंची काढता येते. ड्रोनची रीतही हीच.

घोळ आहे तो ‘मोजणी’ या शब्दात. ड्रोनला दिसतं छप्पर, आणि वाद असतो भिंतीचा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडच्या स्लॅबच्या घरांना हे फारसं जाणवत नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत पाऊस भिंतीला लागू नये म्हणून कौलांची वळचण दीड-दोन फूट पुढे काढतात. समोरासमोरच्या वळचणी जवळजवळ टेकतात आणि मधला बोळ वरून दिसेनासा होतो. 1:500 च्या नकाशावर दीड फूट म्हणजे जेमतेम 1 मिलिमीटर. पण पागोळ्या कुणाच्या हद्दीत पडतात, यावरून भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात.

शिवाय उंच वस्तू फोटोत बाहेरच्या अंगाला कलते. ड्रोन 120 मीटरवर असेल, तर त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून 60 मीटरवरच्या 6 मीटर उंच घराचा माथा सुमारे 3 मीटर सरकलेला दिसतो. उंचीचा हिशेब धरून हा कल काढता येतो. वळचणीखालची भिंत मात्र कुठल्याच हिशेबाने दिसत नाही.

म्हणून उड्डाणाआधी हद्दीवर चुन्याची फक्की मारतात. फोटोत ती पांढरी उमटते. पुढे नकाशाची जागेवर पडताळणी, चौकशी, मग मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सनद. माझ्या मते या सगळ्यात कळीचा दिवस फक्कीचा. वळचणीखाली मारलेला चुना ड्रोनलाही दिसत नाही, तिथे टेप लावूनच माप घ्यायला हवं. आणि मुंबईला कामाला असलेला भाऊ त्या दिवशी गावात नसेल, तर त्याच्या वाटणीची रेघ चुलत्याच्या सांगण्यावरून पडते.