नाण्यावर राजाचा चेहरा आला कधी?

अलेक्झांडरचं चांदीचं नाणं म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो ना, डोक्यावर सिंहाचं कातडं ओढलेला तरुण, तो अलेक्झांडर नाहीच, तो ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस. अलेक्झांडरचं मॅसिडोनियाचं राजघराणं स्वतःला त्याचे वंशज म्हणवायचं म्हणून तो पुढे, आणि मागे हातावर गरुड घेऊन बसलेला देवांचा राजा झ्यूस. राजाचं फक्त नाव.

कारण ग्रीकांत जिवंत माणसाचं तोंड नाण्यावर टाकायची पद्धतच नव्हती (आजच्या तुर्कस्तानातल्या लिसियाचे राजे, पर्शियन क्षत्रप म्हणजे सुभेदार असे काही अपवाद सोडा, तेही पूर्वेच्या टोकाला). अथेन्सचं बघा, पुढे अथेना देवी, मागे घुबड, 17 ग्रॅमच्या आसपास चांदी, विषय संपला. हेच वजन अलेक्झांडरने आपल्या नाण्यांसाठी उचललं.

इसवीसनपूर्व 323 मध्ये अलेक्झांडर बॅबिलॉनला वारला आणि सरदारांची भांडणं सुरू झाली, राज्य तर हवं पण हक्क कशाच्या जोरावर सांगणार, मग नाण्यांवर मेलेल्या राजालाच पुढे केलं. टॉलेमी या सरदाराने इजिप्तमध्ये त्याला हत्तीच्या कातड्याचं शिरस्त्राण घातलं. दुसरा सरदार लिसिमाकस, त्याची नाणी तर माझी सगळ्यात आवडती, कानावरून वळलेलं मेंढ्याचं शिंग (अमोन देवाचं), केसांत राजेपणाची फीत, नजर वर. नाव मात्र लिसिमाकसचं!

एकदा मेलेला माणूस चालला म्हटल्यावर जिवंत कितीसा लांब? 305 च्या सुमारास टॉलेमी राजा झाला आणि स्वतःचंच तोंड छापलं, पुढे आलेली हनुवटी, खोल डोळे, देखणा करायचा प्रयत्नच नाही.

ही सवय बॅक्ट्रियामार्गे (आजचा उत्तर अफगाणिस्तान) भारतात आली. मिनँडर या इंडो-ग्रीक राजाच्या द्राख्मावर (चांदीचं नाणं) एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी. त्याच वळणावर पश्चिम भारतातल्या नहपान क्षत्रपाची नाणी, म्हणजे राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांत चक्क प्राकृत. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय, एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैनचं चिन्ह. चांदी न वितळवता थेट वरूनच ठोकल्यामुळे काही नाण्यांवर डोंगराच्या आडून नहपान अजून डोकावतो.