सर्वांत वेगवान गोळी सर्वांत नेमकी का नसते?

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या पदकाविषयी भरपूर लिहिले गेले. पण या प्रकारात झाडली जाणारी गोळी ध्वनीपेक्षा हळू जाते, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नसावे. पॉइंट टू टू (०.२२ इंच) या बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, स्पर्धेतील उत्तम काडतुसे गोळीला सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर एवढाच वेग देतात. त्याच बोअरची ३८० मीटर वेगाची काडतुसे बाजारात मिळतात, आणि तीही बहुधा स्वस्तात. तरीही ५० मीटरवरच्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या, दहा गुणांच्या मधल्या वर्तुळात गोळी घालायची असेल, तर जगातले निवडक नेमबाज हळू चालणारे काडतूस निवडतात.

यामागचे पहिले कारण वारा हे आहे. वेगवान गोळी लवकर पोहोचते, म्हणून वाऱ्याला तिला ढकलायला वेळ कमी मिळतो, असे आपल्याला सहज वाटते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच प्रक्षेपशास्त्रज्ञ दिदियों याच्या नावाने ओळखला जाणारा नियम निराळेच सांगतो. आडवा वारा गोळीला किती सरकवतो हे तिच्या एकूण प्रवासकाळावर अवलंबून नसते. हवेच्या विरोधामुळे तिला जो उशीर होतो, म्हणजे निर्वात पोकळीत लागला असता त्यापेक्षा जो वेळ अधिक लागतो, त्यावर ते अवलंबून असते. हा उशीर वाऱ्याच्या वेगाने गुणला की सरक मिळते. ३२५ मीटर वेगाने निघालेल्या गोळीला ५० मीटरच्या अंतरात होणारा उशीर सेकंदाच्या सुमारे पाच हजारांशाइतका असतो, तर ३८० मीटर वेगाने निघालेली गोळी आधी पोहोचत असली तरी तिचा उशीर त्याहून जास्त भरतो. सेकंदाला तीन मीटरचा आडवा वारा, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारच्या खाऱ्या वाऱ्याच्या मानाने अगदी सौम्य झुळूक, पहिल्या गोळीला सुमारे दीड सेंटिमीटर सरकवतो आणि दुसरीला दोन सेंटिमीटरहून अधिक.

जास्त वेगाला जास्त उशीर का व्हावा, याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. वस्तू ध्वनीच्या वेगाजवळ येते तेव्हा तिच्यापुढची हवा बाजूला सरकायला उसंत मिळत नाही, आघाततरंग, म्हणजे दाबलेल्या हवेच्या तीव्र लाटा, तयार होतात आणि हवेचा विरोध एकदम वाढतो. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही वाढ नोंदवली होती. जड लंबकावर गोळी झाडून, लंबक किती हलतो यावरून तिचा वेग काढण्याची युक्ती त्याचीच. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेकडील फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. आपल्याकडे त्याची आठवण कुणी काढत नाही, हे जरा नवलच आहे. त्याने आकड्यांवरून जे ताडले ते दिसले मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांनी, अर्न्स्ट माख आणि पीटर साल्शर या पदार्थवैज्ञानिकांनी १८८० च्या दशकात उडत्या गोळीपुढच्या आघाततरंगाचे छायाचित्र घेतले तेव्हा.

ध्वनीचा वेग सगळीकडे सारखा नसतो. शून्य अंश सेल्सियसला तो सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणून पणजीत ३२ अंशांच्या दुपारी तो ३५० मीटर असतो. ३४० मीटर वेगाने निघालेली गोळी पणजीत ध्वनीपेक्षा निश्चितपणे हळू असेल. तीच गोळी काश्मीरच्या हिवाळ्यात ध्वनीच्या पुढे निघेल आणि लक्ष्यापर्यंत जाताना त्या अडचणीच्या टप्प्यातून खाली येईल. आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे बरे. दमट हवा जड असते असे आपण किनाऱ्यावरचे लोक घामाच्या अनुभवावरून धरून चालतो; प्रत्यक्षात पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजन या दोघांच्याही रेणूंपेक्षा हलका असल्याने, तापमान आणि दाब तेच असताना दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते आणि गोळीला थोडा कमीच विरोध करते.

पॉइंट टू टूचे काडतूस वापरले की टाकून द्यावे लागते. मोठ्या रायफलींच्या काडतुसांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे पितळी कवच पुन्हा वापरता येते, आणि अमेरिकेत व युरोपातील अनेक देशांत नेमबाज नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), मोजून घेतलेली बंदुकीची दारू आणि निवडलेली गोळी घालून आपले काडतूस स्वतः भरतात. भारतात तसे करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि हौसेखातर घरी काडतुसे भरणे हा सरळ गुन्हा ठरतो. तरीही त्या छंदाने जे प्रश्न विचारले ते पदार्थविज्ञानाचे उत्तम प्रश्न आहेत. दारू थोडी वाढवली की वेग वाढतो; मग नेम सुधारतो की बिघडतो?

वेगाच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे मुळीच नाही. लांबच्या पल्ल्यावर ध्वनीचा तोच अडसर उलट बाजूने आडवा येतो. पॉइंट थ्री झिरो एट या बोअरची १६८ ग्रेनची, म्हणजे जवळपास ११ ग्रॅमची, एक प्रसिद्ध स्पर्धा-गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघते, ६०० यार्डांपर्यंत उत्तम चालते आणि १००० यार्डांच्या आसपास ध्वनीच्या वेगाला येऊन डळमळू लागते. अशा ठिकाणी अधिक वेग हवाच, किंवा हवेतून अधिक सफाईने जाणारी गोळी हवी. ३०० मीटरवर मात्र हिशेब निराळा होतो. तेथे तीन मीटरच्या आडव्या वाऱ्यात ही गोळी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास सरकते, आणि वेग ३० मीटरने वाढवला तर त्यातून जेमतेम सेंटिमीटरभर वाचते. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत जबर असते. या काडतुसात दाब आधीच वातावरणाच्या सुमारे चार हजार पटींपर्यंत जातो. कमाल मर्यादेजवळ वेग थोडासा वाढवायला दाब त्याहून कितीतरी अधिक वाढवावा लागतो. गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील आट्यांचा सुरुवातीचा भाग तापलेल्या वायूने लवकर झिजतो, खांद्याला बसणारा धक्का वाढतो, आणि मर्यादा ओलांडली तर रायफल फुटून माणूस जखमी होऊ शकतो. दारू फार कमी घातली तरी नेमकेपणा येतो असे नाही. कवच अर्धवट रिकामे राहिले तर दारू कधी प्रायमरकडे, कधी गोळीकडे सरकलेली असते, आणि ती प्रत्येक वेळी सारखी पेटत नाही.

नेमासाठी प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच निघणे महत्त्वाचे असते. ती किती वेगाने निघते हा त्यानंतरचा प्रश्न. पुन्हा पॉइंट टू टूचे उदाहरण घेऊ. ३२५ मीटर वेगाची गोळी ५० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. एकाच डब्यातील दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटरचा फरक असेल, आणि साध्या काडतुसांत तो सहज असतो, तर हळू गोळी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. दहाच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर आहे हे ध्यानात घेतले, तर नेमबाजाचा श्वास, हात आणि डोळा निर्दोष असूनही गुण जाऊ शकतो हे कळते. ८०० मीटर वेगाच्या मोठ्या गोळीत तेवढाच फरक १०० मीटरवर दोन मिलिमीटरचा आणि ३०० मीटरवर दोन सेंटिमीटरचा पडतो. अंतर तिप्पट झाले की चूक नऊपटींहून अधिक होते, त्यामुळे १०० मीटरवर देखणे दिसणारे काडतूस लांबवर उघडे पडते.

याच्या जोडीला नळी स्वतः हलत असते. गोळी नळीत असते तो काळ सेकंदाच्या एक ते दीड हजारांशाएवढा. पण तेवढ्यात पोलादाची जाड नळीही अगदी सूक्ष्म प्रमाणात वाकते आणि तिचे तोंड वर-खाली होते. तोंड वर जात असताना गोळ्या बाहेर पडत असतील, तर उशिरा निघणारी हळू गोळी थोड्या वरच्या कोनात सुटते आणि एका विशिष्ट अंतरावर वेगवान गोळीच्याच जागी पोहोचते. ब्रिटिश सैन्याची ली-एनफील्ड रायफल लांबच्या पल्ल्यावर अपेक्षेपेक्षा चांगली का लागते, याचे हे स्पष्टीकरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिले गेले होते. काडतुसे भरणारे हौशी लोक हीच गोष्ट मनात धरून दारू थोडी थोडी वाढवत जातात आणि ज्या मापाला गोळ्या एकाच उंचीवर लागतात ते माप पक्के करतात. त्या जागेला ते ‘नोड’ म्हणतात.

तत्त्व खरे आहे. पण त्याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक शोधांवर माझा विश्वास नाही, आणि त्याचे कारण शुद्ध संख्याशास्त्रीय आहे. दर मापाला तीन गोळ्या झाडून निष्कर्ष काढण्याची पद्धत सर्रास आहे. काडतुसात, रायफलीत, नेमबाजात काहीही न बदलता तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचे पुंजके, काढले, तर त्यातील एक दुसऱ्याच्या दुप्पट मोठा निघणे ही नित्याची गोष्ट आहे. वेगाच्या बाबतीतही तेच. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पाच गोळ्यांचे प्रमाण विचलन (वेग सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप) सेकंदाला ३ मीटर आले, तर त्या काडतुसाचे खरे विचलन १.८ पासून ८.६ मीटरपर्यंत कुठेही असू शकते, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. १.८ असेल तर काडतूस उत्कृष्ट, ८.६ असेल तर सामान्य. पाच गोळ्यांनी हा निकाल लागत नाही. वीस-तीस गोळ्या झाडल्यावर आकडा स्थिरावू लागतो, आणि तोवर अनेक ‘नोड’ नाहीसे झालेले असतात. दारू तोलण्यात दहा मिनिटे घालवणारा माणूस निष्कर्ष मात्र तीन भोकांवरून काढतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ज्याला दाबाच्या कमाल मर्यादेपासून अंतर राखायचे आहे आणि वेगातील फरक कमी ठेवायचा आहे, त्याला ती जादूची जागा न सापडताही बरेच काही साधते. एकसारखी कवचे, कवचाची गोळीवरची सारखी पकड आणि कवच चांगले भरेल अशा प्रकारची दारू यांनी वेगातील फरक आटोक्यात राहतो.

गोव्यातील नेमबाजाला यातील कोणतीच गोष्ट स्वतः बदलता येत नाही, पण निवडता येते. कारखान्यातून येणाऱ्या एकाच नावाच्या काडतुसांच्या निरनिराळ्या बॅच एकाच रायफलीतून निरनिराळ्या लागतात. म्हणून जाणते खेळाडू दोन-तीन बॅचचे डबे आणून रायफल पक्की बसवतात, प्रत्येकाच्या निदान चाळीस गोळ्या झाडतात आणि मगच एका बॅचचा साठा घेतात. ही चाचणी सकाळी उरकलेली बरी, कारण दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ग्रुपचा आडवा पसारा काडतुसाचा की वाऱ्याचा, हे सांगता येत नाही. उभा पसारा तेवढा वेगातील फरकाची साक्ष देतो. काडतुसे ठेवण्याचीही काळजी घ्यावी लागते. दारू तापली की वेगाने जळते. जुन्या धाटणीच्या दारूत तापमानाच्या दर अंशाला सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरचा फरक पडतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत तापलेला डबा आणि सावलीत ठेवलेला डबा यांच्या तापमानात २०-२५ अंशांचा फरक असेल, तर मोठ्या रायफलीच्या गोळीचा वेग दहा-बारा मीटरने बदलतो आणि दाबही त्याबरोबर चढतो. कारखान्याची मोहोरबंद काडतुसे पावसाळ्यातील ओल बऱ्यापैकी सोसतात. परदेशात सुटी दारू हाताळणाऱ्यांना मात्र डब्याचे झाकण लगेच घट्ट लावण्याची सवय असते, कारण दारू हवेतील दमटपणा शोषून घेते आणि तेवढ्याच वजनाची ओलसर दारू कोरड्या दारूपेक्षा हळू जळते.